अब्रू गेली हे सिद्ध कसं करायचं? मुलुंडच्या एका सोसायटीचं प्रकरण

शनिवारी रात्री पावणेअकराला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला: ‘अण्णांना विचारा, बिल्डरकडून किती पेट्या आल्या. फोटो बघा आणि मगच उद्या हात वर करा.’ खाली पासबुकाच्या एका पानाचा फोटो. जमेच्या एका नोंदीभोवती लाल गोल, रक्कम ४,५०,०००. दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्विकासासाठी बिल्डर निवडायची विशेष सर्वसाधारण सभा होती.

इमारत मुलुंड पूर्वेची, चार मजली, जुनी. अण्णा सोसायटीचे खजिनदार. वय साठीच्या आसपास. लोकांची इन्कम टॅक्स रिटर्न्स भरून द्यायची आणि जोडीला विम्याची एजन्सी, यावर घर चालतं. मेसेज टाकणारे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, त्यांना इथे काका म्हणू. (माणसं, इमारत आणि त्यांचे आकडे मी अशा भांडणांवरून बेतले आहेत. कायदा आणि नावानिशी दिलेले निकाल खरे आहेत.)

मेसेज २०२५च्या फेब्रुवारीतला. अण्णा आमच्याकडे, म्हणजे वकिलाकडे, आले ऑक्टोबरात, आणि खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, “साहेब, शंभर कोटींचा दावा लावता येतो ना? त्या जजसाहेबांनी लावला होता.”

जजसाहेब म्हणजे न्यायमूर्ती पी. बी. सावंत. सप्टेंबर २००८मध्ये टाइम्स नाऊ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी देताना नावातल्या साधर्म्यामुळे दुसऱ्याच न्यायाधीशांच्या जागी सावंतांचा फोटो दाखवला, तोही काही सेकंद. पुण्याच्या न्यायालयाने २०११मध्ये त्यांना शंभर कोटींची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने अपिलात स्थगितीसाठी वीस कोटी जमा करा आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्या असं सांगितलं, आणि त्यात हात घालायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. हा निकाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुखावलेल्या माणसाला तोंडपाठ असतो. पण सावंत सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती आणि प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष होते, आणि वाहिनी देशभर दिसत होती. ते सोडून लोकांच्या लक्षात फक्त आकडा राहतो. शिवाय अब्रूनुकसानीत जेवढा आकडा मागाल तेवढी कोर्ट फी, कमाल मर्यादा गाठेपर्यंत, चढत जाते. हे ऐकल्यावर अण्णांचा आकडा आपोआप खाली आला.

दुसरी मागणी होती ‘पोलिसांत एफआयआर’. तो रस्ता तसा नाही. बदनामीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मध्ये आहे, पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या ४९९-५००मध्ये होता. तो अदखलपात्र आहे. बदनाम झालेल्या माणसालाच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार न्यावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार (पूर्वीची फौजदारी प्रक्रिया संहिता) तर दखल घेण्याआधी समोरच्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. तिथे मुदत तीन वर्षांची. दिवाणी दाव्याला मात्र एकच वर्ष, आणि ते मोजायचं मजकूर प्रसिद्ध झाल्या दिवसापासून. आठ महिने अण्णांनी ‘आज माफी मागतील, उद्या मागतील’ यात घालवले होते.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे लेखी बदनामीत नुकसान गृहीत धरलं जातं. मजकूर बदनामीकारक आहे, तो वादीबद्दल आहे, आणि तिसऱ्या कुणाच्या वाचनात आला, एवढं दाखवलं की दावा उभा राहतो. फौजदारी बाजूलाही प्रत्यक्ष हानी झालीच पाहिजे असं नाही. हानी करायचा हेतू, किंवा हानी होईल याची जाणीव, पुरते. ही सोय वकिलांना आळशी बनवते. दाव्याच्या मसुद्यात ‘वादीची समाजात नाचक्की झाली, त्यास अतोनात मनस्ताप झाला’ अशी दोन ठरलेली वाक्यं येतात आणि खाली आकडा. मग निकालाच्या दिवशी भरपाई नावापुरती मिळते आणि अशील विचारतो, जिंकलो की हरलो?

इंग्लंडने हे गृहीतक २०१३च्या डिफमेशन ॲक्टने बाजूला सारलं. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की मजकुराने प्रतिष्ठेला गंभीर हानी झालेली नसेल किंवा होण्याची शक्यता नसेल, तर तो बदनामीकारकच नव्हे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला तर गंभीर आर्थिक तोटा दाखवावा लागतो. २०१९मध्ये लाशो या फ्रेंच अभियंत्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ लावला: शब्द किती जहरी आहेत एवढंच बघून भागणार नाही, त्या शब्दांचा प्रत्यक्षात काय परिणाम झाला ते वस्तुस्थितीवरून ठरवा. तरी लाशो जिंकले. आरोप गंभीर होते, वृत्तपत्रांचा खप मोठा होता, आणि त्यांना ओळखणाऱ्यांच्या वाचनात ते आले होते किंवा येण्याचा संभव होता. या सगळ्यावरून अनुमान काढायला न्यायालयाने मुभा दिली. ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच राज्यांनी २०२१पासून असाच उंबरठा आणला.

मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात हा उंबरठा नाही. तरी अण्णांचं प्रकरण आम्ही तो आहे असं समजून तयार केलं, कारण दावा टिकण्यापेक्षा भरपाई किती आणि काका कधी नमतील हा प्रश्न मोठा होता. आपल्या जुन्या दंड संहितेतही याचं बीज होतंच, आणि ते ३५६मध्येही आलं आहे: इतरांच्या नजरेत माणसाचं चारित्र्य, धंद्यातली पत किंवा नाव खाली आल्याशिवाय आरोपाने प्रतिष्ठेला बाध आला असं म्हणायचं नाही. इतरांच्या नजरेत. अण्णांना रात्र रात्र झोप लागत नव्हती, वहिनी खाली भाजी आणायला जायच्या बंद झाल्या होत्या. हे सगळं खरं होतं, भरपाई ठरवताना त्याला वजनही असतं. पण प्रतिष्ठा माणसाच्या स्वतःच्या घरात नसते, ती दुसऱ्यांच्या डोक्यात असते. पुरावा तिथून आणावा लागतो.

आणि तिथेच पहिली पंचाईत झाली. अण्णांनी स्वतःहून तीन साक्षीदार आणले. तळमजल्यावरच्या मावशी, समोरचे निवृत्त मास्तर, आणि गणेशोत्सव मंडळातला एक तरुण. तिघंही तळमळीने बोलले. मावशी म्हणाल्या, “अहो, तीस वर्षं ओळखते मी अण्णांना. मेसेज वाचला आणि हसायलाच आलं.” मास्तर म्हणाले, “आमचा कुणाचा काडीइतका विश्वास बसला नाही.”

उलटतपासणीत काकांचा वकील मावशींना दोनच प्रश्न विचारेल. मेसेज वाचून अण्णांबद्दलचं तुमचं मत बदललं का? छे, मुळीच नाही. आणि तुमच्या ओळखीत कुणाचं बदललं? कशाला बदलेल? झालं. वादीच्याच साक्षीदाराने प्रतिवादीचं काम करून दिलं. यावर दावा फेटाळला जाईल असं नाही, कारण मजकुराचा अर्थ सर्वसाधारण वाचकाच्या नजरेने ठरतो, मावशींच्या नव्हे. पण नुकसान किती झालं या प्रश्नावर अशी साक्ष उलटी पडते.

अब्रूनुकसानीतली ही मोठीच गोची आहे. ज्यांचा विश्वास बसला नाही ते तुमच्यासाठी कोर्टात यायला तयार असतात. ज्यांचा बसला ते तुमचा फोन उचलत नाहीत. ‘हो, मी तो मेसेज खरा मानला आणि यांना चोर समजलो’ असं शपथेवर सांगायला कोण येणार, तेही त्याच चोराच्या बाजूने? म्हणून माणसांच्या तोंडी मतांच्या मागे न लागता ती माणसं नंतर कशी वागली ते शोधायचं ठरवलं. मावशींना साक्षीदार म्हणून ठेवलं, पण फक्त मेसेज आला, वाचला आणि दुसऱ्या दिवशी सभेत काय गोंधळ झाला एवढ्यापुरतं.

अण्णांची एक लांबोडकी वही आहे. दरवर्षी कुणाचं रिटर्न भरलं, किती फी आली, सगळं तिच्यात बॉलपेनने. २०२४मध्ये १४० नावं होती, २०२५मध्ये १०६ उरली. अण्णांच्या मते ३४ गिऱ्हाइकं त्या मेसेजने खाल्ली. असं सरसकट म्हणणं कोर्टात पाच मिनिटं टिकलं नसतं. २०२५चा हंगाम मुळातच विस्कटलेला होता. रिटर्न भरायची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली होती. बारा लाखांपर्यंत कर नाही ही बजेटची घोषणा पुढच्या वर्षासाठी असूनही, आता रिटर्न कशाला भरायचं असं म्हणून काही जण घरी बसले होते. काहींची मुलं मोबाइलवरच भरू लागली होती. दोघं वारले होते.

मग वहीतल्या नावांचे दोन ढीग केले. एकात सोसायटीच्या किंवा, मेसेज जिथेही पोचला होता त्या गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर असलेली, म्हणजे मेसेज पाहिलेली किंवा पाहण्याची दाट शक्यता असलेली माणसं. ती २०२४मध्ये ३८ होती, २०२५मध्ये १७ आली. दुसऱ्यात ठाणे, डोंबिवली, अण्णांच्या जुन्या नोकरीतले सहकारी. ते १०२ होते, त्यांतले ८९ आले. बाहेरच्यांत आठात एक गळाला, ही नेहमीची गळती. आतल्यांत निम्म्याहून जास्त गळाले. तारखा, बजेट, मोबाइल, या गोष्टी दोन्ही ढिगांना सारख्याच लागू होत्या. फरक एवढाच की एका ढिगाने मेसेज पाहिला होता. कुणीही ‘मी विश्वास ठेवला’ असं न सांगता ही वही ते सांगत होती.

हिशेब मात्र अण्णांना आवडला नाही. नेहमीची गळती धरून पाच वजा केले तर १६ गिऱ्हाइकं. माणशी फी सरासरी दीड हजार. म्हणजे वर्षाला २४,००० रुपये. अण्णा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बस? एवढीच माझी किंमत?” त्यांना समजावावं लागलं की हा तोट्याचा आकडा आहे, अब्रूचा नाही. माणसाच्या बाबतीत इंग्लंडमध्येही गंभीर हानी म्हणजे आर्थिक तोटा असं नाही, ती अट कंपन्यांना आहे. वही दाखवायची ती पैसे मागायला नव्हे, लोक अण्णांपासून लांब झाले हे दाखवायला.

सगळ्यात वजनदार कागद पतसंस्थेत सापडला. स्थानिक पतसंस्थेत अण्णांचं नाव तज्ज्ञ संचालक म्हणून घ्यायचं चाललं होतं. काकांनी तोच मेसेज तिथल्या एका संचालकाला वेगळा पाठवला होता. पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात ओळ आहे: ‘सदर सभासदाबाबत समाजमाध्यमावर प्राप्त झालेल्या माहितीच्या अनुषंगाने नियुक्तीचा विषय तूर्त स्थगित ठेवण्यात यावा.’ सरकारी थाटाची, कोरडी ओळ. पण कारण आणि परिणाम एकाच वाक्यात, घटनेच्या वेळी, भांडणाशी संबंध नसलेल्या माणसांनी लिहिलेले. समन्स काढून इतिवृत्ताचं पुस्तक मागवता येतं, सचिवाला यावंच लागतं, आणि त्याला अण्णांबद्दल काय वाटतं हे विचारायची गरजच पडत नाही.

गंमत अशी की हानी जिथे सगळ्यात जास्त झाली तिथेच काकांचा बचावही सगळ्यात मजबूत होता. ज्याला सांगायचं त्याचं आणि सांगणाऱ्याचं त्या विषयात रास्त हित असेल, तर चुकीचा आरोपही सद्भावनेने केला असल्यास कायदा सांभाळून घेतो. सोसायटीच्या सभासदांनी खजिनदाराच्या व्यवहारावर आपसांत बोलणं हे याचं नेहमीचं उदाहरण. पतसंस्थेलाही, ज्याच्या हाती लोकांच्या ठेवी द्यायच्या त्याची माहिती हवीच असते. मंडळाच्या ग्रुपवर मात्र हा बचाव लंगडा पडतो, मुलुंडच्या आरतीला येणाऱ्या दोनशे लोकांचा या सोसायटीच्या पुनर्विकासाशी काय संबंध? पण तिथे हानीचा पुरावा फक्त एवढाच होता की वर्गणीचा हिशेब अण्णांकडून काढून दुसऱ्याकडे दिला, आणि मंडळाचे कार्यकर्ते म्हणत होते की ते ‘नव्या पोरांना संधी’ म्हणून केलं.

तेव्हा सोसायटी आणि पतसंस्था या दोन ठिकाणी काकांची सद्भावना मोडून काढणं भाग होतं. ती मोडली फोटोतल्या एका झाकलेल्या रकान्याने.

पासबुकाचं ते पान काकांच्या हाती आलं कसं? अण्णांनी एकदा प्लंबरचे पैसे स्वतःच्या खात्यातून दिले होते. परतफेडीसाठी व्हाउचरला पानाची झेरॉक्स जोडली, ती सोसायटीच्या फाइलमध्ये होती. काकांनी फाइल बघायला मागितली होती, तसा त्यांचा अर्जही आहे. फाइलमधल्या झेरॉक्सवर साडेचार लाखांच्या नोंदीच्या डावीकडे तपशिलाचा रकाना आहे आणि त्यात मुदत ठेव मोडल्याचं छापलेलं आहे. ग्रुपवरच्या फोटोत तो रकाना दिसतच नाही. तारीख दिसते, रक्कम दिसते, मधला तपशील बोटाने किंवा कागदाने झाकलेला आहे. झाकणाऱ्याच्या अंगठ्याची सावलीही फोटोत आहे. तपशील वाचल्याशिवाय तो झाकता येत नाही. ज्याने तो वाचला त्याला पैसे कुठून आले हे ठाऊक होतं. ‘मी फक्त प्रश्न विचारला’ हा काकांचा खुलासा यापुढे टिकणारा नव्हता. प्रश्नचिन्ह लावून बदनामी करता येते हे कायद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे.

किती जणांनी वाचलं हा प्रश्न उरला. ग्रुपवर ६१ सभासद. सभासद आहेत म्हणजे त्यांनी वाचलं असं नाही. आता, ग्रुपवरच्या मेसेजची ‘वाचलं कुणी’ ही यादी फक्त पाठवणाऱ्याच्या फोनवर दिसते, आणि निळ्या खुणा बंद केलेल्या माणसांचंही ग्रुपमधलं वाचणं तिच्यात उमटतं. म्हणजे पुरावा प्रतिवादीच्या खिशात. फोन जपून ठेवा, नष्ट करू नका अशी नोटीस देऊन पुढे कोर्टामार्फत तो मागवायची तयारी केली होती. काकांनी ते काम हलकं केलं. सभेआधी त्यांनी स्वतःच त्या यादीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला होता: ‘५४ जणांनी वाचलं. एकाचंही उत्तर नाही. यातच काय ते समजा.’

वाचक कमी म्हणून हानी कमी, हा युक्तिवाद येणार होताच. त्याला उत्तर म्हणून लंडनचा एक निकाल जवळ ठेवला होता, त्यात आयपीएल असल्याने तो मुंबईतल्या कुणालाही चटकन कळतो. आयपीएलचे तेव्हाचे आयुक्त ललित मोदी यांनी २०१०मध्ये न्यूझीलंडचे क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स यांच्यावर ट्विटमधून सामनानिश्चितीचा आरोप केला. इंग्लंडमध्ये ते ट्विट वाचणारे धरले गेले साधारण ६५ जण. तरी २०१२मध्ये ९०,००० पाउंड भरपाई मिळाली आणि अपिलातही ती टिकली. असं विष झिरपत जातं, हे न्यायालयाने ध्यानात घेतलं. आकड्यांपेक्षा ते ६५ कोण, हे महत्त्वाचं. अण्णांचे ५४ म्हणजे त्यांचे शेजारी, गिऱ्हाइकं आणि मतदार.

स्क्रीनशॉट कोर्टात ठेवायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. पूर्वी हे ६५ब होतं. ते टाळता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात ठणकावून सांगितलं. सरळ सुटका म्हणजे मूळ उपकरणच कोर्टात हजर करणं. नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचा तिचा अंकी ठसा) लिहावं लागतं. अण्णांनी मधल्या काळात फोन बदलला होता, बॅकअप अर्धवट होता. शेवटी मास्तरांच्या फोनवर ग्रुपची पूर्ण बोलचाल शाबूत सापडली. ते मेसेज कधी पुसतच नाहीत, सुप्रभातसुद्धा.

काकांकडून नोटिशीला उत्तर आलं: आरोप खरा आहे, आणि तसंही सगळी सोसायटी हेच बोलत होती. पहिल्या भागाला फाइलमधली झेरॉक्स पुरेशी होती. दुसरा भाग जास्त धूर्त. आधीच गेलेली अब्रू मी काय घालवणार? भरपाई ठरवताना वादीची मुळातली ख्याती बघता येते, हे आपल्या साक्षीच्या कायद्यातही आहे. पण मुळातली ख्याती वेगळी आणि तीच अफवा इतरांनीही पसरवली हे वेगळं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर कुणीच जबाबदार राहणार नाही. ही वाट इंग्लंडमध्ये १९६२च्या डिंगल प्रकरणापासून बंद आहे आणि लाशो निकालाने ती बंदच ठेवली.

याच सुमारास काकांचा निरोप यायला लागला, बसून बोलू, घाई कसली. घाई होती. बोलणी चालू आहेत म्हणून एक वर्षाची मुदत थांबत नाही. फेब्रुवारी उजाडायच्या आत दावा दाखल केला, रक्कम वीस लाख. सोबत वहीचे दोन ढीग, इतिवृत्ताची ओळ, आणि झेरॉक्स व ग्रुपवरचा फोटो एकाच पानावर शेजारी शेजारी.

माझ्या मते त्या शेवटच्या पानानेच तडजोड झाली. काकांच्या वकिलाने ते पाहिलं आणि पुढच्या तारखेला सूर बदलला. संमतीच्या अटींवर खूप घासाघीस झाली ती पैशांवरून नाही. काकांना ‘गैरसमजातून’ हा शब्द हवा होता, अण्णांना तो नको होता. शेवटी असं ठरलं: काकांनी त्याच ग्रुपवर आणि मंडळाच्या ग्रुपवर आरोप मागे घेतल्याचा मजकूर टाकायचा, सोबत पासबुकाच्या पानाचा न झाकलेला फोटो, ही रक्कम अण्णांच्या मुदत ठेवीची आहे या वाक्यासह. ‘गैरसमज’ही नाही आणि ‘खोटेपणा’ही नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत तो मजकूर वाचून इतिवृत्तात घ्यायचा. पतसंस्थेला काकांच्या सहीचं पत्र. दाव्याचा खर्च आणि दीड लाख रुपये. अण्णांनी फौजदारी तक्रार करायची नाही.

भरपाई म्हणाल तर थोडी. पण निकाल लागायला जितकी वर्षं लागली असती, तितक्यात इमारत पाडून नवी उभी राहिली असती आणि ते ५४ जण भाड्याच्या घरांतून कुठल्या कुठे पांगले असते. ज्यांनी वाचलं त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणं हा या प्रकरणातला खरा हिशेब होता, आणि ते सगळे अजून एका ग्रुपवर होते तोवरच तो चुकता होणार होता.

पतसंस्थेकडून दोन ओळींचं उत्तर आलं: पत्राची नोंद घेतली आहे, तज्ज्ञ संचालकाची जागा दरम्यान भरण्यात आली आहे. मजकूर टाकल्यानंतर मात्र गळालेल्यांपैकी काही जणांचे अण्णांना फोन आले, यंदाचे कागद कधी आणून देऊ म्हणून. माफीबद्दल त्यांतलं कुणी अवाक्षर काढलं नाही.